न्हाणीतलं घमेलं

साखर कारखान्याच्या मळीचा वास मी अजूनही लांबून ओळखते. आंबूस, गोडसर, ओल्या जमिनीवर रेंगाळणारा तो वास कोपरगावकडच्या हिवाळ्याचा. ऊसतोड सुरू झाली की कारखान्याकडून पाटाच्या पाण्यावरून तो संध्याकाळी यायचा आणि आत्याच्या ओसरीवर बसलेल्या मला, नऊ वर्षांच्या पोरीला, आपण आपल्या घरी नाही एवढं नेमकं सांगून जायचा.

बाहत्तरच्या दुष्काळात आमच्या पारनेरकडच्या गावची विहीर दसऱ्याआधीच तळाला गेली. आई आणि आबा, म्हणजे माझे वडील, दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागले. अजून पायही न फुटलेला धाकटा भाऊ तिथेच बाभळीला बांधलेल्या झोळीत झोपायचा. मला मात्र आबांनी बहिणीकडे, पाटपाण्याच्या मुलखात आणून सोडलं. “पाऊस पडला का नेतो,” एवढंच म्हणाले. लोक म्हणायचे, पोरीनं नशीब काढलं. खोटं कशाला बोलू, आत्यानं जीव लावला, माझ्या ताटात रेशनवरच्या मिलो ज्वारीची लाल भाकर कधी पडू दिली नाही. पण पोट भरलेल्या माणसाच्या एकटेपणाची चौकशी कुणी करत नसतं, आणि खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत म्हणून मीही गप्प राहायचे.

गावी आम्ही बाजेवर बसून अंघोळ करायचो आणि बाजेखाली घमेलं ठेवायचो. अंगावरून उतरलेल्या त्या पाण्यात फडकी धुऊन निघायची, आणि त्यातूनही जे गढूळ उरेल ते परसातल्या शेवग्याला. आत्याकडे पहिल्याच सकाळी मी गोठ्यातलं घमेलं न्हाणीत नेलं, त्यात उभी राहून अंघोळ केली आणि ते जड झालेलं घमेलं सांडत-लवंडत परसातल्या लिंबोणीपाशी रिकामं केलं. आत्याची पोरं हसून लोळली. तेव्हापासून माझं नाव ‘घमेलीबाई’ पडलं. आत्या म्हणाली, “आगं, दारात पाट वाहतुया, आन तू सांडपानी काय जपतीस?” पटलं मला. दुसऱ्या दिवशी पुन्हा घमेलं घेतलं. डोक्याला कळत होतं, हात ऐकत नव्हते. पुढे पुढे मी सगळ्यांच्या मागून न्हाणीत जायचे.

शिमग्याच्या सुमारास आबा आले. जनावरांसाठी उसाचे वाढे, म्हणजे शेंड्याचा हिरवा चारा, न्यायला आलेल्या ट्रकवर बसून आले होते, आणि सकाळी त्याच ट्रकनं परतणार होते. पाऊस पडला नव्हता हे मला दिसत होतं, तरीही मी माझे कपडे पिशवीत भरले आणि पिशवी उशाशी ठेवली. आबा वाळून काष्ठ झाले होते. त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला तेव्हा तो दगडासारखा खरखरीत लागला, आणि इतके महिने साठवलेलं बोलणं मला काही केल्या आठवेना.

सकाळी आत्यानं हंडाभर पाणी तापवलं. “दादा, आज चांगलं खळखळून न्हा. खडीची धूळ जाऊ दे सारी.” न्हाणीतून पाण्याचा आवाज फारसा आलाच नाही. थोड्या वेळानं आबा बाहेर आले, केस ओले, आणि दोन्ही हातांत घमेलं. त्यात दगडाच्या पुडीनं पांढुरकं झालेलं पाणी होतं. ते कुठं ओतावं म्हणून आबा अंगणात इकडेतिकडे बघत उभे राहिले. पोरांना हसू फुटणार तेवढ्यात आत्यानं डोळे वटारले आणि मग स्वतःच पदर तोंडाला लावून आत गेली.

मी जाऊन घमेल्याची दुसरी कड धरली. “हिकडं, आबा. लिंबोनीला.”

त्या लिंबोणीला आमच्या पाण्याची काडीमात्र गरज नव्हती. पाटाचा ओलावा तिच्या मुळाशी कायमचा होता. तरी आम्ही दोघांनी ते पाणी सावकाश ओतलं. जिरणाऱ्या पाण्याकडे बघत आबा म्हणाले, “तुजी पिशवी बगितली म्या.” मग घमेलं उपडं करून त्यातले शेवटचे थेंब झाडले. “धाकट्याला जुलाब लागलं हुतं. लई वाळला हुता. तू हितं हाईस म्हून तुज्या वाटचं पानी आई त्याला पाजती. आता पाय टाकाया लागलाय.”

न्यायला आलो नाही, असं ते म्हणालेच नाहीत.

“ऱ्हाते मी,” मी म्हटलं. रडू येत होतं, पण ट्रकचा भोंगा वाजला. आबा वाढ्यांच्या भाऱ्यावर चढून बसले आणि वळणावर उसाच्या हिरव्या फडाआड गेले. मी पिशवीतले कपडे काढून पुन्हा खुंटीला अडकवले.

पुढच्या पावसाळ्यात आबांनी शब्द पाळला. तो धाकटा आता नातवंडांचा आजोबा झालाय, अंगानं चांगला आडवातिडवा. राखीपौर्णिमेला येतो, जेवतो, आणि दुष्काळाचा विषय निघाला की मला चिडवतो, “अक्का, तुझं बरं होतं. आम्ही खडीवर, आणि तू उसात.” मी हो म्हणते. मग तो पाणी मागतो. मी तांब्या भरून देते, आणि त्याचं पिऊन होईपर्यंत तिथेच उभी राहते.