राखून ठेवलेली जागा

गुढीपाडव्याच्या सकाळी मी पाच हजार रुपये घेऊन शेवगावजवळच्या आमच्या गावातल्या जिल्हा परिषद शाळेत गेलो. सोबत पत्नी आणि सहा वर्षांची धाकटी मुलगी; पाडव्याला सुट्टी असली तरी तिथं पहिलीची नावं घालून घेतात. पैसे शाळेला देणगी द्यायला घेतले होते, कारण पहिलीत तीसच मुलं घेतात आणि नाव घालायला आजूबाजूच्या गावांतूनही लोक येतात.

आमच्या आधी सत्तावीस नावं लागली होती. तरी मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, "पट भरला."

"बाई, तीन ओळी कोऱ्या दिसतात की."

"कोऱ्या नाहीत. ती मुलं आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेलीत. महिन्याभरात येतील."

मी देणगीचं पाकीट टेबलावर ठेवलं. बाईंनी ते माझ्याकडे परत सरकवलं. "त्यापेक्षा त्यांनाच विचारते," म्हणत त्यांनी स्पीकर लावून एकेकाला फोन केला. दोघांनी जागा ठेवा म्हणून सांगितलं. तिसरा राहात्याकडच्या उसाच्या फडातून बोलत होता.

"बाई, पोरीला आता मामाकडं ठिवतोय, तिथल्याच शाळंत घालनार. मीच सांगनार हुतो तुमाला. उगं कुनाची जागा कशाला आडवायची? घ्या की दुसरं लेकरू."

बाईंनी एका कोऱ्या ओळीत माझ्या मुलीचं नाव लिहिलं. जी जागा मी पैशांनी मागत होतो, ती त्या माणसानं काही न घेता सोडली होती.

शाळेनं फी घेतली नाही. आधार कार्ड आणि जन्मदाखल्याच्या झेरॉक्सचे सहा रुपये तेवढे शाळेसमोरच्या दुकानदाराला दिले.