आधी जुन्या सर्व्हरला निरोप

आमच्या भिंतीला भिंत लागून अकबरबीचं घर. तिची मुलगी आसिफा पुण्याच्या एका कंपनीचं काम अंबडला बसूनच करते. अकबरबीला दर सोमवारी आणि गुरुवारी डायलिसिससाठी जालन्याला न्यावं लागतं. आई आत पलंगावर, ही बाहेर बाकड्यावर लॅपटॉप घेऊन. भाऊ रिजवान दुकान सांभाळतो, दुकान बंद केल्याशिवाय त्याला ते जमत नाही.

मागच्या महिन्यात कंपनीनं फर्मावलं, सगळ्यांनी पुण्यात येऊन बसा. आसिफानं तिच्या मॅडमला, प्रियदर्शनी त्यांचं नाव, सांगितलं की अडलेलं एक काम मी इथूनच पुरं करून दाखवते. झालं तर मला इथंच राहू द्या. मॅडमनी शुक्रवारपर्यंतची मुदत दिली.

ते काम तिनं मला गहू निवडताना समजावलं. कोड लिहायच्या एडिटरमागं एक लँग्वेज सर्व्हर चालू असतो. लिहिताना तो चुकांखाली लाल रेघा ओढतो, पुढचं सुचवतो. त्यांच्याकडं असे दोन, जुना नि नवा. कधी हा लागतो, कधी तो. पण एकावरून दुसऱ्यावर जायचं तर सगळा एडिटर बंद करून उघडावा लागे, मांडलेलं काम मोडे. एडिटरला सर्व्हर जोडून देणारं जे एक्स्टेन्शन असतं, ते आसिफानं आतून नव्यानं मांडायला घेतलं.

नवरात्रातला माझ्या घटापुढचा अखंड दिवा तिनं लहानपणापासून पाहिलेला. वात सरत आली की मी दुसरी तिच्यावरच पेटवून घेते आणि मग जुनी काढते, म्हणजे ज्योत खंडत नाही. आसिफानं सर्व्हरचंही तसंच केलं. आधी नवा चालू, मग जुना बंद.

बुधवारी मॅडमना लॅपटॉपवरूनच दाखवायला गेली, तर प्रत्येक चूक दोनदा दिसायला लागली. दोघंही एकदमच उत्तरं देत होते. जुना बंद झाला तरी त्याच्या रेघा तशाच. रिजवान म्हणाला, "एका घरात दोन सासवा झाल्या की गं."

मॅडमनीच सोपा रस्ता सुचवला. एक बटण दे, दाबलं की एडिटर आपोआप बंद होऊन उघडेल, कोण बघतंय. आसिफानं नकार दिला. मला वाटलं ऐकावं, आईचा विचार करावा. बोललेही तसं.

"अम्मीसाठीच करून राह्यले, काकू," तिनं मान वर न करता सांगितलं. "पण काम झालंच न्हाई, अन् झालं म्हणून सांगून इथं राहू कशी?"

मग तिनं सगळं उसवलं. एक्स्टेन्शनचा प्रत्येक भाग थेट सर्व्हरला धरून बसला होता. तिनं एकेकाचा हात सोडवला. मध्ये एक कारभारी नेमला. सध्या कोणता सर्व्हर बसलाय, हे सगळ्यांनी त्यालाच विचारायचं. त्यानं आधी जुन्याला थांब म्हणायचं, तो थांबलो म्हणेपर्यंत वाट पाहायची, त्याच्या रेघा पुसायच्या, मगच नव्याला बसवायचं. नवा उभाच राहिला नाही तर जुन्याला परत बोलवायचं.

गुरुवारी जालन्याला डबा घेऊन मीही गेले. अकबरबीला आत घेतल्यावर मी जप करत बसले, ही शेजारी सर्व्हर बदलून बदलून पाहत होती. रेघा काही पुसल्या जाईनात. उठून पाणी प्याली, परत येऊन पहिल्यापासून तपासायला बसली. निघायच्या वेळी एक भाग अजून जुन्यालाच धरून बसलेला सापडला, त्याचाही हात तिनं सोडवला.

शुक्रवारी मत्स्योदरी देवीला नारळ बोलून मी अकबरबीजवळ जाऊन बसले. बाहेरच्या खोलीत लॅपटॉपवर मॅडम होत्या, आसिफा करेल ते त्यांना बोलून सांगत होती, सगळं ऐकू येत होतं. आसिफानं सर्व्हर बदलला. लिहिता लिहिता बदल, मॅडम म्हणाल्या. बदलला. मग म्हणाल्या, नवा मुद्दाम बिघडवून दाखव. आसिफानं तोही बिघडवला. नवा उभाच राहिला नाही, आणि जुना येऊन बराबर उत्तरं द्यायला लागला. एडिटर एकदाही मिटला नव्हता.

मॅडम म्हणाल्या, हे सगळ्यांना देऊ, तू तिकडूनच कर.

आसिफा दारात येऊन उभी राहिली. "अम्मी, यहींच रहना है."

अकबरबीनं उशी सारखी केली. "तो सोमवार कू रिजवान को दुकान बंद करने मत बोल. अपन दोनों बस से जाएंगे."