वन्संची सही

रत्नागिरीत मी कॉलेजच्या पोरांची खानावळ चालवते. त्यामुळे शिक्षणाचा खर्च म्हणजे काय, ते मला कुणी शिकवायला नको. फी भरायच्या आठवड्यात पोरांची भूक कमी होते. एरवी चपात्यांचा फडशा पाडणारा मंडणगडचा पोरगा "काकी, आज पोट बरं नाही" म्हणत नुसता आमटीभात घेतो, तेव्हा मी काय ते समजते आणि ओरडून त्याच्या ताटात चपात्या वाढते. ओरडलं की पोरं निमूट खातात. प्रेमाने विचारलं तर लाजतात आणि दुसऱ्या दिवशी जेवायलाच येत नाहीत.

माझी लेक याच पोरांना वाढत वाढत मोठी झाली. इथेच बीएस्सी झाली, आणि एक दिवस मी कणीक मळत होते तिथे मोबाईल घेऊन आली. जर्मनीतल्या एका विद्यापीठात एमएस्सीला प्रवेश मिळाला होता. "आई, तिथे फी नाही," म्हणाली. मला आधी थापच वाटली. आपल्याकडे बालवाडीला फी आहे. मग तिने पुढचं सांगितलं. फी नाही, पण वर्षभराच्या राहण्याखाण्याचे पैसे आधी तिकडच्या खात्यात भरून दाखवायचे, तर व्हिसा. दर महिन्याला त्यातलेच थोडे थोडे तिला खर्चाला मिळणार. म्हणजे ज्याच्याकडे आहेत त्याला फुकट. मी म्हटलं, छान आहे बाई तुझी जर्मनी.

खानावळीची जागा भाड्याची. सोनं म्हणाल तर मंगळसूत्राच्या दोन वाट्या. मोठ्या बँकांनी तारण काय विचारलं आणि शेतजमीन चालत नाही म्हणून वाटेला लावलं. शेवटी एका छोट्या सहकारी बँकेने राजापूरकडच्या आमच्या बागेवर कर्ज द्यायची तयारी दाखवली. बाग म्हणजे सासऱ्यांनी कातळ फोडून लावलेली आंब्याची कलमं. सातबाऱ्यावर नावं तिघांची. मुंबईचे मोठे भावोजी, आमचे हे, आणि वन्सं, म्हणजे यांची धाकटी बहीण. तिघांनी तारणाच्या कागदावर सह्या केल्या की झालं, असं बँकेचा साहेब म्हणाला.

लेक म्हणत होती, आत्ताच मुंबईला जाऊन काकांना भेटूया. मी तिला गप्प केलं. असली कामं घाईने होत नाहीत, गणपतीला सगळे गावाला येतातच, चार आरत्या झाल्या आणि मोदक पोटात गेले की माणूस मऊ होतो, तेव्हा गोडीगुलाबीने सह्या घेऊ. तोवर यांनी फोनवर भावोजींच्या कानावर तेवढं घातलं. घरचं काहीही असो, ते गणपतीवर ढकलायचं, ही आमच्याकडची खोडच आहे. त्या खोडीपायी भावोजींना विचार करायला निवांत वेळ मिळाला, हे मला फार उशिरा कळलं.

गौरी जेवल्या त्या दुपारी भावोजींनी आम्हाला ओटीवर बोलावलं. सुपारी कातरत होते. बँकेच्या कागदाला त्यांनी हातही लावला नाही. मुंबईहून वकिलाकडून टाइप करून आणलेला दुसराच कागद पिशवीतून काढला. हक्कसोडपत्र. बहिणीने आपला हिस्सा भावांच्या नावे सोडून द्यायचा, मग दोघेच भाऊ राहतात, मग ते पोरीसाठी आनंदाने सही करतील. "उद्या हिच्या नवऱ्याचं डोकं फिरलं आणि वाटणी मागितली, तर बँक आपल्या दारात. पोरीच्या भल्यासाठीच म्हणतोय मी," असं अगदी मायेने म्हणाले. आवाज चढला नाही, काही नाही.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. बँकेने असलं काही मागितलेलं नव्हतं. माझ्या पोरीचं शिक्षण पुढे करून हा माणूस बहिणीला बागेतून उठवत होता. पण ज्याची सही हवी त्याच्याशी भांडायचं कसं? मी यांच्याकडे बघितलं. हे जमिनीकडे बघत होते. यांचं असंच आहे, मोठ्या भावापुढे तोंडात गुळणी धरून बसतात. शेवटी मीच म्हटलं, "भावोजी, तिघांच्या सह्या चालतात म्हणालाय बँकवाला." तर म्हणाले, "मग त्यालाच कर म्हणावं माझी सही." वन्सं एका बाजूला उभी होती. ती आत निघून गेली.

वन्संचं सांगते. ती लोट्याला असते. नवरा तिथल्या एका कारखान्यात पाळीवर जायचा, ते काम सुटल्यापासून घरीच असतो. ही दोन घरी स्वयंपाक करते. तिच्या नावावर या जगात काय असेल तर सातबाऱ्यावरची ती एक ओळ. आणि माझ्या लेकीवर तिचा जीव. लहानपणी मे महिना आला की लेक लोट्याला, आत्याकडे. तिथल्या त्या एका खोलीत माझ्या पोरीने जेवढे लाड करून घेतले तेवढे माझ्याकडे नाही झाले.

आणि ती सही काय असते ते मला ठाऊक होतं. माझ्या माहेरी भाऊबीजेला औक्षण झालं, ताटात साडी पडली, आणि निरांजन विझायच्या आत थोरल्या भावाने असाच कागद पुढे केला होता. "तुला काय करायची गो जमीन, तुझं सासर भरलेलं आहे." मी केली सही, लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते, मला काय कळतंय. त्यानंतर माहेर तुटलं असं नाही. पण तिथे जायला मला कारण लागायला लागलं.

मी आत गेले तेव्हा वन्सं चुलीपाशी वडे तळत होती. लेक दारात, हातात ताटांची चळत. वन्सं माझ्याकडे न बघता म्हणाली, "वैनी, तू सांग. करू सही?"

मला वाटतं, त्या घरात मला असं काही विचारलं जाण्याची ती पहिलीच वेळ. आणि विचारलं ते हे. हो म्हटलं तर लेक जाते. नाही म्हटलं तर माझ्याच तोंडाने तिचं सगळं बंद करते, तेही तिच्या देखत. मनात हो होतं. खोटं कशाला सांगू, मनात नुसतं हो, हो चाललं होतं. पण तोंडातून आलं, "नका करू वन्सं."

ताटं वाजली. लेकीकडे बघायची माझी छाती झाली नाही. वन्संने कढईतला वडा उलटला, तो फुगेपर्यंत थांबली, निथळून काढला.

"एवढं एक कुणीतरी म्हणायला हवं होतं गो," म्हणाली. "आता करते."

"अहो, मी नको म्हणतेय तुम्हाला."

"ऐकलं ना मी," म्हणाली, आणि पुढचा वडा सोडला.

सुट्टी संपून कचेरी उघडल्यावर आम्ही राजापूरला नोंदणीला गेलो. तिथे अंगठा घेतात, कॅमेऱ्यापुढे बसवून फोटो काढतात. वन्संने फोटोआधी पदर नीट केला, केसांवरून हात फिरवला, लग्नाला बसल्यासारखी ताठ बसली. तिचा अंगठा उमटला तेव्हा मला आनंद झाला. वाईटही वाटलं, पण ते मागाहून. आधी आनंदच झाला, आणि तो काही केल्या आवरेना. भावोजींनी सगळ्यांना वडापाव खायला घातला. मी तो खाल्ला.

लेक गेली. आता पहाटे एका बेकरीत पाव भाजायला लावते, मग लेक्चरला जाते. व्हिडिओवर खोली दाखवते, चारजणींत एक स्वयंपाकघर, प्रत्येकीचं फ्रिजमध्ये एकेक फळकुट. शेजारची घाना देशाची मुलगी आहे, तिच्या गावच्या चर्चने वर्गणी काढून तिला पाठवलं. दर रविवारी ती सगळ्या गावाला फोन करते, एकही म्हातारी सोडत नाही. आणि वर्गातली एक तिथलीच मुलगी आहे, तिला सरकारच दर महिन्याला खर्चाला देतं, पुढे नोकरी लागल्यावर अर्धे परत करायचे. तिच्या घरी जमीन आहे की नाही, कुणी विचारलंसुद्धा नाही. हे ऐकून माझा लाटणं धरलेला हात तसाच थांबला. लेकीला वाटलं, नेटवर्क गेलं.

एकदा म्हणाली, "आई, नोकरी लागली की मी आधी आत्याचे पैसे देणार." मी म्हटलं, "बाळा, आत्याचे पैसे आपण घेतले कुठे?" घेतले असते तर फेडता आले असते. बँकेचे फिटतील, आज ना उद्या. हे फेडायचं म्हटलं तर कुठल्या खिडकीत नेऊन भरायचं, ते मला कळत नाही. बाग आता दोघा भावांची. भावोजी तर म्हणतात, सगळं कसं गोडीत झालं.

या वर्षी वन्सं गणपतीला आली. सगळं नेहमीसारखं केलं तिने, फुलं आणली, गौरी सजवली, हसली. लोट्याला परत जायच्या दिवशी पिशवी घेऊन पडवीत आली. तिथे बागेच्या कडेच्या माडांचे नारळ रचलेले असतात. आजवर ती आपली आपण खाली बसायची, हलवून बघून चांगले चांगले पिशवीत भरायची, आणि कुणी बघितलं तर "माझ्या बापाचे आहेत" म्हणून हसायची. या वेळी ती ढिगापाशी नुसतीच उभी राहिली. पिशवीचं तोंड दोन्ही हातांनी उघडं धरून. ती कशाची वाट बघतेय ते मला पटकन समजलंच नाही.

समजलं तेव्हा मी खाली बसले आणि तिच्या पिशवीत नारळ घालायला लागले. एक घातला, दुसरा घातला. "पुरे, वैनी," ती म्हणाली. मी तिसरा घातला. तिने तो काढला आणि परत ढिगावर नेऊन ठेवला.