सुप्रियाने टाकून दिलेली पानं

हे मी अमोदला सांगितलेलं नाही. अमोद माझा नवरा, माझ्या ऑफिसातल्या फालतू भांडणांपासून सगळं त्याला माहीत असतं — पण हे नाही. पुण्याला फोनवर आईशी बोलताना दोनदा जिभेवर आलं आणि मी विषय बदलला. एका माणसाला यातलं अर्धं ठाऊक आहे. तो कार्यक्रमात भेटला की माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत बोलतो. तुम्हाला सांगायला सोपं जातंय, कारण तुम्ही मला कुठे भेटणार आहात?

कुठून सुरू करू — पत्त्यांपासूनच करावं लागेल.

आम्ही सिडनीच्या स्कोफिल्ड्स भागात राहतो. केलीव्हिलला डॉक्टरकाका राहायचे. आयुष्यभर सिडनीत भूलतज्ज्ञ म्हणून काम केलेले, आता निवृत्त, पत्नी गेल्यावर एकटेच. आम्ही या देशात नवे होतो तेव्हा घर मिळेपर्यंत त्यांच्या वरच्या खोलीत राहिलो होतो. मला ते ‘मुली’ म्हणायचे. नावाने नाही, नुसतं ‘मुली’. हे लक्षात ठेवा, कारण माझ्या वागण्यामागे हेही होतं, असं मला आता वाटतं.

त्यांच्या गराजमध्ये आम्ही रविवारी आर्व्होला, म्हणजे इथल्या भाषेत दुपारी, पोकर खेळायचो. आम्ही दोघं, काका, आणि टूनगॅबीहून सुप्रिया आणि तिचा नवरा गिरीश. प्रत्येकाच्या हातात दोन पानं, आणि मधे सगळ्यांची सामाईक पाच. पैसे कधीच लावले नाहीत. प्लास्टिकच्या चिप्स, आणि हरेल त्याने पुढच्या वेळी खायला आणायचं. सुप्रिया एका मॉलमधल्या चष्म्याच्या दुकानात ऑप्टोमेट्रिस्ट आहे, डोळे तपासते. माझी सगळ्यात जवळची मैत्रीण. होती म्हणू की आहे म्हणू?

खेळ मी मनावर घेतला. माझं कामच आकड्यांशी, त्यामुळे असेल. ट्रेनने ऑफिसला जाता-येता मी व्हिडिओ बघायचे. त्यातला माणूस एकच गोष्ट घोकून घ्यायचा — समोरच्याने बेट लावली, म्हणजे चिप्स पुढे केल्या, की आधी विचारा, का लावली? चांगली पानं आहेत आणि तुमच्याकडून अजून चिप्स काढायच्या आहेत म्हणून? काहीच नाहीये आणि तुम्हाला पळवून लावायचंय म्हणून? की तुमच्याकडे काय आहे याचा अंदाज घ्यायचाय म्हणून थोडंसंच पुढे सरकवलंय? कारण नसलेली बेट नसते. मी हे सगळ्यांना शिकवायला लागले. गिरीश उगाच चिप्स ढकलायचा, त्याला मी थांबवून विचारायचे, ‘का? कारण सांग.’ काका हसायचे. म्हणायचे, ‘मुली, तुझ्यासमोर बसायची भीती वाटते.’ मला ते फार आवडायचं.

फक्त सुप्रियाच्या बेट्स माझ्या हिशेबात बसेनात.

माझ्याविरुद्ध ती व्यवस्थित खेळायची. काकांशी गाठ पडली की मात्र काहीतरी वेगळंच. भक्कम पानं असतानाही नाममात्र चिप्स लावायची, नाहीतर शेवटी सोडूनच द्यायची. एकदा दिसल्यावर मग सगळंच दिसायला लागलं. ती कायम काकांच्या शेजारी बसते — का? काका आपली पानं तिरपी धरतात, मान एका बाजूला करून बघतात, आणि पानांचा कोन नेमका तिच्याकडे — का? मधली पानं उघडताना ती प्रत्येक पान मोठ्याने वाचते, ‘चौकटची अठ्ठी, किलवरची राणी’. आम्हाला काय डोळे नाहीत? की त्या वाचण्यात काही खूण आहे?

घरी येताना मी गाडीत अमोदला म्हटलं, ‘ती दोघं मिळून खेळतात.’

‘कशासाठी? समोसे आणायला लागू नयेत म्हणून?’ अमोद म्हणाला.

मागच्या सीटवरून लेक म्हणाली, ‘मम, इट्स जस्ट अ गेम.’

मी गप्प बसले. पण संशय आला की माणूस गप्प बसतो, थांबत नाही ना.

मग तो रविवार. मधे पाच पानं उघडी, त्यातली तीन बदामाची. मी आणि अमोद त्या डावातून आधीच बाहेर पडलो होतो, गिरीशही. काकांनी पानं तिरपी करून पाहिली आणि आपल्या सगळ्या चिप्स पुढे सरकवल्या. अगदी निश्चिंत. सुप्रियाने त्यांच्याकडे पाहिलं — त्यांच्या हातातल्या पानांकडे पाहिलं, मी शपथेवर सांगते. आणि आपली दोन पानं पालथी टाकली. ‘घ्या काका, तुमचंच.’

काकांनी न दाखवता आपली पानं गड्ड्यात सरकवली. पुढचा डाव पिसायची पाळी माझी होती. पत्ते गोळा करताना मी सुप्रियाची पानं अंगठ्याने उचलून बघितली. असं बघायचं नसतं — हा नियम मीच सगळ्यांना शिकवला होता. बदामाचा एक्का आणि बदामाची पंजी. मधली तीन धरून पाच बदाम, वर एक्का. त्या डावात तिला कुणीच हरवू शकलं नसतं. आणि तिने ती पानं टाकून दिली.

त्यामागचं कारण मला सापडेना. तुम्ही म्हणाल, मग विचारायचं ना तिला? मैत्रीण होती. ‘का गं टाकलीस?’ एवढंच. मी विचारलं नाही. मला विचारायचं नव्हतं, मला पकडायचं होतं.

बुधवारी मी घरून काम करायचे. त्या आठवड्यात दुपारी गाडी काढून केलीव्हिलला गेले. भाजी आणायला, असं स्वतःला सांगितलं. भाजीचं दुकान काकांच्या रस्त्यावर नाही. त्यांच्या घरासमोर सुप्रियाची गाडी उभी होती. मी दोन घरं सोडून थांबले. थोड्या वेळाने दोघं बाहेर आली. आभाळ भरलेलं होतं, तरी काकांनी काळा चष्मा घातला होता. त्यांचा हात तिच्या कोपरावर. तिने दार उघडलं, ते बसले, गाडी गेली. मी स्टिअरिंग धरून बसून राहिले. हे लिहायला लाज वाटते, पण मनातून मला बरं वाटत होतं. माझं बरोबर होतं.

रविवारी मी सुप्रियाला सहज विचारल्यासारखं विचारलं, ‘बुधवारी काय केलंस गं?’

‘काही नाही, दुकानातच होते,’ ती म्हणाली.

म्हणजे ती खोटं बोलली. इथवर मी तुम्हाला जे सांगितलं त्यात माझं खोटं काही नाही. संशयी होते, चोरून बघत होते, पण खोटं नव्हतं. इथे थांबले असते तर हे सांगायची वेळच आली नसती.

शनिवारी सकाळी माझ्या लेकीची आणि सुप्रियाच्या मुलीची नेटबॉलची मॅच असायची. गिरीश आणि मी कॉफी घेऊन कडेला उभे होतो. मी म्हटलं, ‘सुप्रियाला बुधवारी सुट्टी असते का रे?’

‘नाही. का?’

‘काही नाही. काकांच्या घरी गाडी दिसली तिची. तीन-चारदा. हातात हात घालून निघाली होती दोघं. मला वाटलं, तुला माहीत असेल.’

मी तिला एकदाच पाहिलं होतं. आणि हातात हात नव्हता. कोपरावर हात होता — आंधळा माणूस धरतो तसा. मला ते तेव्हा कळायला हवं होतं. तीन-चारदा आणि हातात हात — हे मी घातलं. का घातलं? एकदाच म्हटलं असतं तर तो ‘असेल काही काम’ म्हणाला असता. त्याने तसं म्हणायला मला नको होतं. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिले, टेबलावर बेट लावून समोरच्याकडे बघतात तशी. त्याचा कप तोंडापाशी तसाच राहिला. मग मी म्हटलं, ‘माझं नाव घेऊ नकोस हं.’

‘नाही घेणार,’ तो म्हणाला. त्याने शब्द पाळला. आजपर्यंत.

दुसऱ्या दिवशी आम्ही खेळायला गेलो तेव्हा गराजचं शटर अर्धं वर होतं आणि आतून गिरीशचा आवाज येत होता. सुप्रिया भिंतीला टेकून उभी. गिरीश काकांना एकेरीत बोलत होता. त्याचे शब्द मी इथे लिहिणार नाही. सत्तरी उलटलेल्या माणसाला कुणी तसं बोलू नये.

काका खुर्चीची पाठ धरून उभे होते. ते म्हणाले, ‘गिरीश, तू रागावला आहेस हे मला आवाजावरून कळतंय. तुझा चेहरा मला दिसत नाही. कडा दिसतात, मधे काळा डाग आहे. डाव्या डोळ्याचं आधीच संपलंय, उजव्यात दर महिन्याला इंजेक्शन घ्यावं लागतं. सुप्रियाने तपासताना ओळखलं. कुणाला सांगू नकोस, असं मीच तिला बजावलं होतं. नवऱ्यालाही नाही.’

मग ते आमच्याकडे वळले — म्हणजे आम्ही होतो त्याच्या जरा बाजूला बघत — म्हणाले, ‘आता सगळ्यांनाच कळलं. या तुम्ही. आज खेळ नको.’

सुप्रिया दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आली. माझ्या किचनमध्ये बसून रडली. तेव्हा तिने मला पत्त्यांचं सांगितलं. काकांना बदाम आणि चौकट वेगळं ओळखू यायचं नाही, दोन्ही नुसते लाल दिसायचे. म्हणून ती मधली पानं मोठ्याने वाचायची. हातातली पानं ते डोळ्याच्या कडेने बघायचे, म्हणून मान तिरपी, आणि तिला शेजारून ती दिसायची. त्या रविवारी त्यांच्या हातात दोन चौकट होत्या. त्यांना वाटलं, बदाम आहेत. तिने बरोबरीने चिप्स लावल्या असत्या तर पानं उघडावी लागली असती, आणि सगळ्यांसमोर कळलं असतं. ‘डॉक्टर होते गं ते,’ ती म्हणाली, ‘पत्तासुद्धा ओळखता येत नाही, हे कसं दाखवणार?’

ती त्यांची पानं बघत होती, हे मी बरोबर ओळखलं होतं.

मग तिने डोळे पुसत विचारलं, ‘कुणी सांगितलं असेल गं गिरीशला? तो नाव सांगत नाही. तुझ्या कानावर काही आलं होतं का?’

मी तिचा हात हातात घेतला आणि म्हटलं, ‘नाही गं. लोकांना काय, दिसेल ते बोलतात.’

तेव्हाही वेळ गेलेली नव्हती. हे मला सांगितलंच पाहिजे, कारण पुढचं सगळ्यात वाईट आहे. काकांनी सुप्रियाला यायला मनाई केली. तिच्या संसारात आपल्यामुळे काही नको, म्हणाले. टॅक्सीने जाईन. गिरीश माफी मागायला गेला, तर त्यांनी दार उघडून चहा दिला आणि हवापाण्याचं बोलून त्याला परत पाठवलं. आणि ते इंजेक्शनला गेलेच नाहीत. त्या महिन्यात नाही, पुढच्या महिन्यातही नाही. डॉक्टर माणूस — काय होईल हे त्यांना माहीत नव्हतं? अमोद मला म्हणाला होता, ‘तू बुधवारी घरीच असतेस, तू नेशील का त्यांना?’ मी म्हटलं, मीटिंग असते. मीटिंग नव्हती. गाडीत त्यांच्या शेजारी बसायची मला भीती वाटत होती. आता ते मला बघू शकत नव्हते, तरी.

उजवा डोळाही गेला. पर्थहून त्यांची मुलगी आली, घर विकायला काढलं, आणि ती त्यांना घेऊन गेली. निघायच्या दिवशी आम्ही भेटायला गेलो होतो. मी पाया पडले. ‘कोण?’ त्यांनी विचारलं. अमोदने माझं नाव सांगितलं. त्यांनी चाचपडत माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, ‘सुखी राहा, मुली.’

सुप्रिया आणि गिरीश एकत्र आहेत. बाहेरून सगळं ठीक आहे. फक्त घरातून निघताना ती प्रत्येक वेळी कुठे जातेय, कुणाबरोबर, कधी परत येणार, हे त्याला सांगते. तो विचारत नाही, तरी सांगते. मी समोर असताना कितीदा ऐकलंय. तो मान खाली घालतो. मी फोनमध्ये बघते.

मी शिकवायचे ते सगळं मला अजून पाठ आहे. माझ्या त्या तीन-चार शब्दांमागचं कारणही माहीत आहे. काकांच्या शेजारी ती बसायची आणि मी समोर. ती माझ्यापेक्षा चांगली खेळायची, आणि जिंकायची पानं टाकून देण्याइतकी तिला जिंकण्याची पर्वा नव्हती. मला होती. हे कारण आहे, सबब नाही.

मागच्या आठवड्यात तिचा वाढदिवस झाला. जेवताना ती सगळ्यांसमोर म्हणाली, की त्या वाईट दिवसांत एकच माणूस माझ्याबरोबर होतं. आणि तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. गिरीश उठून पाणी आणायला गेला. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मी हसले.