क्रोएशियाचं स्थळ

कुठल्याही देशाचं नाव काढलं की मामा पहिला प्रश्न विचारायचे, "घरात माणसं किती?" लोकसंख्या हा शब्द त्यांनी कधी वापरला नाही. मग विचारायचे, शेजारी कोण, आणि पोरं घरात थांबतात का. मी अर्थशास्त्रात एम.ए. केलेली. बेरोजगारी, किमान वेतन, महागाई, कुठल्या कामाला माणसं कमी पडतात, असा प्रत्येक देशाचा अहवाल तयार करायला त्यांनी मला नोकरीवर ठेवलं होतं. मी वाचून दाखवायची, ते डोळे मिटून ऐकायचे. वाचून संपलं की म्हणायचे, "हे झालं शिक्षण. आता घराणं सांग."

मामा मुळात लग्नं जुळवणारे. सोलापुरात नव्या पेठेत त्यांचं वधूवर केंद्र होतं आणि मोहोळपासून अकलूजपर्यंत निम्म्या जिल्ह्याचे ते मामा होते. पुढे पुढे मुलींचे बाप एकच गोष्ट विचारायला लागले, मुलगा करतो काय? मुलगा बहुतेक वेळा काहीच करत नसायचा. तेव्हा मामांनी ठरवलं की आधी मुलांना नोकऱ्या बघू, लग्नं मागोमाग जमतील. परदेशात कामगार पाठवणाऱ्या मुंबईच्या एका परवानाधारक कंपनीचं काम घेतलं, पाटीवरचं 'शुभमंगल' तसंच ठेवून पुढे 'ओव्हरसीज' रंगवून घेतलं आणि देशांची चौकशी सुरू केली. चौकशीची त्यांना एकच पद्धत ठाऊक होती.

या पद्धतीत भलेभले देश नापास झाले. तेलावर चालणारा एक श्रीमंत देश त्यांनी नाकारला, कारण सगळं घर एकाच विहिरीवर. उद्या विहीर आटली तर? दुसरा एक देश त्यांना फार खानदानी वाटला. मी आकडे दाखवून नको म्हणत होते, त्यांनी पसंती कळवून टाकली आणि आमची माणसं निघायच्या आतच तिथलं सरकार पडलं. मला वाटलं, आता तरी आकडे ऐकतील. मामा शांतपणे म्हणाले, मोठ्या घरात वाटण्या व्हायच्याच. त्यांचा अंदाज बरोबर निघाला तर ते पद्धतीचं यश असायचं आणि चुकला तर त्या देशाचं नशीब.

अशात माझ्या चुलतभावाचा, बापूदादाचा विषय निघाला. दादा मोहोळचा, वेल्डर, हात सोन्यासारखा, पण काम कधी असायचं कधी नसायचं. वय चौतिशी ओलांडलेलं आणि लग्न जमत नव्हतं. अकलूजच्या एका घरी मुलगी पसंत होती, सुप्रिया नावाची. तिच्या वडिलांनी साफ सांगितलं होतं, पक्की नोकरी लागल्याशिवाय पुढचं बोलणं नाही, आणि दिवाळीपर्यंत थांबू, मग दुसरीकडे बघू. दादा रोज संध्याकाळी ऑफिसात येऊन बसायचा. भिंतीवरच्या नकाशाकडे बघत राहायचा.

तेवढ्यात क्रोएशियातून एका जहाजाच्या कारखान्याची मागणी आली. वेल्डर हवे होते. मी अहवाल केला, तिथे कामगारांचा तुटवडा आहे, पगार बरा आहे, नुकतंच त्यांनी आपलं जुनं चलन सोडून युरो घेतलाय. मामांनी त्यावर काही हरकत घेतली नाही. लग्नानंतर नाव बदलतंच, म्हणाले. पण शेजाऱ्याला विचारल्याशिवाय ते पुढे जाईनात. देश कसा आहे हे देशाला विचारू नये, शेजाऱ्याला विचारावं, हे त्यांचं ठाम मत. शेवटी मी स्लोव्हेनियातल्या एका कंपनीला फोन लावला आणि तुमच्या शेजारच्यांचा स्वभाव कसा आहे, असं इंग्रजीत विचारलं. पलीकडच्या गृहस्थांनी मला प्रश्न पुन्हा विचारायला लावला. मग म्हणाले, माणसं चांगली आहेत, फक्त समुद्राच्या हद्दीवरून आमचं थोडं वाजलेलं आहे. हे सांगितल्यावर मामांचा चेहरा खुलला. बांधावरून भांडण म्हणजे घर आपल्यासारखंच आहे.

मग व्हिडिओ कॉलवर बघण्याचा कार्यक्रम झाला. पोहे मागवले होते, दादाला इस्त्रीचा शर्ट घालून मधोमध बसवलं होतं आणि त्याने खाली घातलेली मान शेवटपर्यंत वर केली नाही. कारखान्याच्या इवानाबाई त्याला वेल्डिंगचं विचारत होत्या. मामा मध्येच त्यांना त्यांच्या घरचं विचारत होते आणि दोन्ही बाजूंनी मी भाषांतर करत होते. आमच्याकडची तरुण मुलं जर्मनीला जातात, असं बाईंनी सांगून टाकलं आणि मामांनी पोह्यांची बशी खाली ठेवली.

"सोताची पोरं ज्या घरात थांबंनात, तितं आपलं पोरगं द्यायचं?"

मी समजावलं की अहो मामा, ती जातात म्हणून तर यांना माणसं लागतात, याला श्रमबाजार म्हणतात. मामा ऐकेनात. पोरं का गेली ते आधी विचार, म्हणाले. बाई म्हणाल्या, तिकडे पगार जास्त आहे, म्हणून. म्हणजे भांडून गेली नाहीत, असा मामांनी अर्थ काढला आणि स्थळ पास झालं. दादाने तेव्हा कुठे पोहे खाल्ले.

निघायच्या दिवशी मुंबईच्या गाडीपाशी मामांनी दादाच्या हातात नारळ आणि तांदूळ ठेवले. चांगला मिशीवाला गडी, पण त्यालाही रडू आलं. मामांनी मला इवानाबाईंना फोन लावायला लावला आणि सांग म्हणाले, आमचं लेकरू तुमच्या पदरात घातलंय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. मी त्याचं इंग्रजी केलं. बाईंनी विचारलं, वेल्डरची तब्येत ठीक आहे ना?

अकलूजकरांनी आता नवी अट घातली. वर्षभर टिकला तर लग्न. दादा जानेवारीपर्यंत टिकला. मग एका दुपारी ऑफिसात फोन आला. कामाची तक्रार नव्हती, पगार वेळेवर होता, माणसं चांगली होती.

"हितं कुणी मोठ्यानं बोलतच न्हाय, मामा," दादा म्हणाला. "समदे हळू बोलत्यात. मला लई भ्या वाटतंय. मी आलो तर सुप्रियाचं मोडतंय का हो?"

मला वाटलं मामा त्याला वर्ष पुरं होईपर्यंत कळ काढ म्हणतील. धंदा होता, शब्द दिलेला होता, पुढची माणसं त्याच कारखान्यात जायची होती. मामांनी समोरची पुढच्या माणसांची यादी बाजूला सारली. मग म्हणाले, "ये. दार उघडं हाय. अकलूजचं मी बघतो." त्यांनी जुळवलेलं एकही लग्न आजवर मोडलं नव्हतं, आणि आता हे जमत आलेलं मोडायला ते स्वतः निघाले.

मलाही बरोबर नेलं. अकलूजच्या त्या घरात मामांनी आढेवेढे न घेता सगळं सांगितलं. मुलगा परत येतोय, पोरगं वाईट नाही पण तुमची अट पुरी होत नाही, तुम्ही दुसरीकडे बघायला मोकळे. सुप्रियाचे वडील तोंड फिरवून बसले. एवढे देश हिंडून शेवटी हेच का, असं ते म्हणाले. तेव्हा सुप्रिया स्वयंपाकघरातून बाहेर आली. चहाचा ट्रे तिच्या हातातच होता.

"नोकरीची अट बाबांची हुती," ती वडिलांकडे बघत म्हणाली. "मला कुणी इचारलंच न्हाय. मला त्यो हितंच पायजे हुता. एवढ्या लांब धाडला तवा मी चार दिस जेवले न्हाय."

वडिलांनी तिच्या हातातला ट्रे घेऊन खाली ठेवला. चहा कुणी घेतला, कुणी घेतला नाही, मला आठवत नाही. निघताना वडील एवढंच म्हणाले की पोरगा आला की त्याला घेऊन या.

येताना मोडनिंबला गाडी थांबवून मामा टपरीच्या बाकावर बसले. "वैशाली," म्हणाले, "कुठनं कुठनं चौकशी केली आपण. शेजाऱ्यापातुर गेलो. आन हिला इचारायचं राह्यलंच की." आणि ते हसायला लागले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मला त्या वेळी त्यांची फार माया आली.

दादाला मोहोळजवळच चिंचोळीच्या एमआयडीसीत काम मिळालं. पगार तिकडच्या निम्मासुद्धा नाही, आणि आवाज म्हणाल तर कान फुटतील इतका. उन्हाळ्यात लग्न झालं. मामा एरवी कुठल्याही लग्नात मांडवाच्या मधोमध उभे असायचे, मी दोन्हीकडचा म्हणत. त्या दिवशी ते मुलीकडच्या खुर्च्यांवर जाऊन बसले. आमच्या काकांना, म्हणजे दादाच्या वडिलांना, ते खटकलं. बोलवायला गेले, तर मामा जागचे हलले नाहीत.

"मी पोरीकडचा," म्हणाले.

त्यांनी जुळवलेलं ते शेवटचं लग्न. त्यानंतर कुणी स्थळ विचारायला आलं की म्हणायचे, आधी पोरीला विचारून या.