वाडीच्या गडग्याचे फोटो

वादळात आमच्या वाडीतल्या सुपाऱ्या एका दुपारीत आडव्या झाल्या. त्यानंतर मदत घेऊन जे आले, त्यांत परदेशातली एक संस्था होती. आमच्याच भागातून आखातात आणि तिथून पुढे इंग्लंडला गेलेल्या माणसांनी ती काढलेली. त्यांनी छपराला पत्रे दिले, ते आम्ही मुकाट्याने घेतले. पण पुढच्या वर्षी ते म्हणाले, सुपारीची नवी रोपंही आम्हीच लावून देतो, ती मूळ धरेपर्यंत पाण्याची सोयही करतो. तेव्हा मात्र माझ्या मनात पाल चुकचुकली.

मी अंगणवाडीत काम करते, म्हणून त्यांच्या माणसाला वाड्या दाखवायचं काम सरपंचांनी माझ्यावर टाकलं. पनवेलचा तरुण, बोलायला गोड. पण प्रत्येक वाडीत तो पडलेल्या झाडांपेक्षा वाडीभोवतीच्या दगडी गडग्याचेच फोटो जास्त काढायचा. कोपऱ्याकोपऱ्यात उभा राहून मोबाईलवर जागेची खूण घ्यायचा.

"झाडं आत आहेत. गडगा कशाला?" मी विचारलं.

"वरून तसं सांगितलंय, ताई."

दिघीचं बंदर झाल्यापासून जमिनी शोधत असे गोड बोलणारे आमच्याकडे बरेच येऊन गेले होते. कोणी हॉटेल काढतो म्हणायचा, कोणी नुसतंच 'बघायला आलोय' म्हणायचा. घरी येऊन मी सासूबाईंना सगळं सांगितलं.

"रोपं न्हाय पायजेत," त्या म्हणाल्या. "दुरून येनारं फुकट नसतं."

आम्ही नकार दिला. मग आणखी काही घरांनी दिला. ज्यांनी होकार दिला, ते माझ्याकडे वाकड्या नजरेने बघू लागले. बोर्लीच्या बाजारात एका बाईने तोंडावरच विचारलं, "दुसऱ्या कोणाशी जमिनीची बोलणी झालीत वाटतं तुमची?" म्हणजे दलाल मीच ठरले! त्या दिवशी मासळी न घेताच घरी परतले.

थंडीत संस्थेचे म्हातारे प्रमुख स्वतः आले. मूळचे म्हसळ्याजवळचे, उमेदीची सगळी वर्षं बाहेर काढलेली. नकार दिलेल्या प्रत्येक घरी जायचंच असं त्यांनी ठरवलं होतं. आमच्या ओटीवर बसले, चहा घेतला. सासूबाईंनी आडपडदा ठेवला नाही.

"भाऊ, तुमचा डोळा आमच्या जमिनीवर हाय काय?"

त्यांनी कप खाली ठेवला. "न्हाय, वैनी."

"मग गडग्याचे फोटू कशाला?"

ते थोडे ओशाळले. पत्र्यांच्या वेळी एकच घर दोन बाजूंनी दाखवून कोणी तरी दोनदा पत्रे नेले होते, असं त्यांनी सांगितलं. "तिकडे पैसे देणारे आमचेच भाऊबंद. ते म्हणतात, गावची माणसं फसवतात. गडग्यावरून वाडी नेमकी कुठली ते दाखव, मगच देऊ."

माझा संताप झाला. आम्ही त्यांच्यावर संशय घेत होतो ते ठीक. पण विलायतेत बसून हे आम्हाला चोर समजतात? मी बोलणार, तेवढ्यात सासूबाई मोठ्याने हसल्या.

"व्हय? एवढा संशय घेतात? मग आपलीच मान्सं हायत ती!"

म्हातारेही हसले. मी हसले नाही.

रोपं आम्ही घेतली. पण सासूबाईंनी अट घातली: खड्डे आमच्या माणसांनी खणायचे, कागदावर अंगठा मिळणार नाही. म्हाताऱ्यांनी ती मानली. पहिल्या उन्हाळ्यात विहिरीपासून लांबची रांग जळाली, बाकीची रोपं तगली. आता ती माझ्या खांद्याला लागतात. सुपारी धरायला अजून अवकाश आहे.

जमीन मागायला आजवर कोणी आलेलं नाही. तरी वर्षातून एकदा तो पनवेलचा तरुण रोपं बघायला येतो, तेव्हा मी हातातलं काम टाकून त्याच्या मागोमाग सगळी वाडी फिरते. तोही आता खिशातून मोबाईल काढायच्या आधी मला विचारतो.