मथुराआत्याची परडी

आमच्या ईट गावाकडं बांधाचं भांडण असो, नाहीतर कोंबडीचं, मथुराआत्याच्या परडीवर हात ठेवला की मिटलं. आत्या आराधी. तरणेपणी नवरा गेला, तेव्हा तिनं गळ्यात कवड्यांची माळ घातली. मंगळवार-शुक्रवार जोगवा मागायची, बाकी दिवस खुरपायला जायची. तुळजाभवानीची परडी ती. तिच्यावर हात ठेवून खोटं बोलायची कुणाची टाप नव्हती.

ग्रामपंचायत लागली अन् सरपंचपदाला उभा राहिलेला रणधीर साड्यांचे गठ्ठे घेऊन तिच्या दारात आला.

"आत्या, साड्या मी वाटतो. तुम्ही निस्ती परडी मधी ठेवा. शपथ घेतली की बायांची मतं कुठं जायची न्हाईत."

आत्या भडकली. "देवीला दलाल करतो व्हय रं? हो भाईर!"

त्याचा डूख धरला मेल्यानं. मतदानादिवशी केंद्रातल्या साहेबानं "मथुराबाई" असं नाव पुकारलं आणि पुढं झाली रणधीरची भावजय. आख्ख्या रांगेनं बघितलं. कुणी ब्र काढला नाही. मागून आत्या ठेवणीतलं लुगडं नेसून आली, तर साहेब म्हणतो, "आजी, तुमचं मतदान झालंय."

आत्यानं शाई नसलेलं बोट त्याच्या नाकाखाली धरलं. त्यानं पुढचं नाव पुकारलं. ठाण्यात गेली, तर हवालदार म्हणाला, "एका मतानं काय आभाळ फाटलं का?" आग लागो असल्या कायद्याला!

रणधीर निवडून आला. गुलालाची मिरवणूक पारापाशी आली, तेव्हा आत्यानं वाटेत परडी ठेवली.

"ठेव हात. सांग, माझं मत म्याच टाकलं का?"

डीजे थांबला. आम्हाला वाटलं, आता हा मागं सरणार. कसला सरतोय! हसत खाली वाकला, गुलालानं भरलेला हात परडीवर ठेवला अन् म्हणाला, "आईशप्पत, आत्यानंच टाकलं."

आत्यानं बोट वर करून सगळ्यांना दाखवलं. माणसं चपला बघत उभी राहिली. तिनं परडी पदरानं पुसली आणि घरी गेली.

परवा गावातले दोन सख्खे भाऊ बांधावरून तंडत तिच्या दारात आले. आत्यानं परडी बाहेर काढलीच नाही. "कशाला? खोटं बोलायला आता कोण भितंय?"

दोघांनी तिथंच एकमेकांची डोकी फोडली. आता दवाखान्यात पडलेत. अन् काल सरपंच रणधीर केळी घेऊन त्यांना भेटायला गेला होता, मुडदा बशिवला त्याचा!